ध्वनीचे इमान

‘हाय-फाय’ या नावाने परिचित झालेल्या घरगुती ध्वनियंत्रणेच्या मुळाशी ‘हाय फिडेलिटी’ ही संज्ञा आहे, आणि यातील ‘फिडेलिटी’ हा शब्द नीतीच्या क्षेत्रातून यंत्राच्या क्षेत्रात आला आहे. निष्ठा, इमान, दिल्या वचनाला जागणे हे त्याचे मूळ अर्थ होत. पतिपत्नींनी परस्परांशी, सेवकाने धन्याशी, भाषांतरकाराने मूळ संहितेशी जे पाळावे, तेच सुईने, ॲम्प्लिफायरने आणि स्पीकरने मूळ ध्वनीशी पाळावे, अशी अपेक्षा या संज्ञेत गृहीत धरलेली आहे. वस्तुतः यंत्राच्या ठायी इमान नसते, अचूकता असते. बेइमानी करण्याचे स्वातंत्र्यच ज्याला नाही त्याच्या इमानाला नैतिक मूल्य कोणते असणार? तथापि मानवी गुणाचे नाव एकदा वस्तूला दिले, की तो गुण त्या वस्तूबरोबर विकत घेता येतो, असा समज नकळत रूढ होऊ लागतो. हाय-फायच्या शौकाविषयीचा नैतिक प्रश्न येथून सुरू होतो : या यंत्रणेत निष्ठा नेमकी कोणाची असते, आणि ती कोणाशी असते?

हा शौक एकट्याने पुरा होत नाही. ज्याच्याकडे यंत्रणा आहे त्याला ती दुसऱ्याला ऐकवावीशी वाटते, आणि दुसऱ्याची ऐकून तिचे गुणदोष पारखावेसे वाटतात. परदेशी विद्युत्-उपकरणांच्या आयातीवर कडक निर्बंध होते त्या १९७० ते १९९० या काळात मध्यमवर्गीय मराठी घरात एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ रेकॉर्डप्लेअर हीच मोठी चैन होती. कॉस्मिकची किंवा १९७० साली कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनची यंत्रणा ही त्यापुढची पायरी होय. ज्यांना तेही परवडत नसे ते हौशी लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच ॲम्प्लिफायर जोडत. आज परदेशी यंत्रे उघडपणे मिळतात, जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरना आणि तबकड्यांना नव्याने मागणी आली आहे. पण शौकीन माणसाचा स्वभाव फारसा बदललेला नाही.

हा स्वभाव महानगरांपुरता नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे वसत आलेल्या आणि १९५६ पर्यंत नागपूरसह एकाच प्रांतात असलेल्या रायपूरचे उदाहरण घेता येईल. या शहरातील गुढियारी हा भाग रेल्वे स्थानकालगतचा, घाऊक बाजाराचा. मालमोटारी, हमालांच्या हाका आणि गाड्यांच्या शिट्या यांनी तेथला दिवस भरलेला. अशा वस्तीतील एका मराठी घराची कल्पना करावी. माडीवरच्या खोलीत जाड पडदे लावलेले आहेत, दोन स्पीकर भिंतीपासून मोजून दूर ठेवले आहेत, आणि ते दोन्ही जेथून सारख्या अंतरावर येतात त्या जागी एकच खुर्ची आहे. पाहुण्याला आग्रहाने त्या खुर्चीवर बसवले जाते. यजमान स्वतः कडेला उभा राहतो. तो ख्यालाची तबकडी लावतो, ‘भाऊ, तानपुरा ऐका’ म्हणतो, पाहुणा मान डोलावतो. आणि बडा ख्याल मुखड्यावर परत येण्याआधीच सुई उचलून दुसरी तबकडी लावली जाते, कारण आता तबल्याचा बायाँ ऐकवायचा असतो.

या प्रसंगाची थट्टा करणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही. घरातील उत्तम खुर्ची पाहुण्याला देऊन स्वतः उभे राहणे हे आतिथ्य आहे. शिवाय तानपुरा ऐकण्याचा आग्रह अडाणीपणाचा नाही. घोडीवर तारेखाली ठेवलेल्या सुताच्या धाग्यातून जवारी लागते आणि एका तारेतून अनेक स्वरांश उमटू लागतात. सुरेल लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून, कोणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत या सूक्ष्मतेसाठीच आहे. सुमार यंत्रावर तानपुरा म्हणजे एक संथ घरघर होऊन बसते. ती घरघर दूर करून स्वयंभू गांधार पुन्हा ऐकू यावा म्हणून एखादा मनुष्य अनेक वर्षांची बचत खर्च करीत असेल, तर त्याच्या लक्ष देण्याला लक्ष हेच नाव द्यावे लागेल, आणि लक्ष हा रसिकतेचा पहिला गुण आहे. आपल्या परंपरेने तानसेनाच्या जोडीला ‘कानसेन’ हा शब्द घडवला तो याच जाणिवेतून.

मग अडचण कोठे आहे? तिचा उलगडा होण्यास अभिनवगुप्ताचा रसविघ्नांचा विचार उपयोगी पडतो. नाट्याच्या संदर्भात त्याने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘प्रतीत्युपायवैकल्य’ म्हणजे प्रतीतीच्या साधनांतील उणीव, आणि ‘स्फुटत्वाभाव’ म्हणजे स्पष्टतेचा अभाव. हाय-फायचा सारा उद्योग ही दोन विघ्ने दूर करण्याचा आहे, आणि त्यात तो पुष्कळसा यशस्वी झाला आहे. परंतु त्याच यादीत आणखी दोन विघ्ने आहेत. ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे, आणि ‘अप्रधानता’ म्हणजे जे गौण आहे त्यात मन गुंतणे. गुढियारीच्या त्या खोलीत पहिली दोन विघ्ने पैशाने आणि कौशल्याने हटवली जातात, आणि त्याच क्षणी दुसरी दोन आत येण्याची वाट मोकळी होते. ‘हे माझे आहे’ हा विचार ऐकणाऱ्याला विवश करतो. बायाँचा घुमारा प्रधान होतो आणि बंदिश गौण. साधनातील दोष साधनाने दूर होतात; साधकातील दोषांवर त्याची मात्रा चालत नाही.

मालकीची भावना कानापर्यंत पोचते, हे केवळ नीतिवचन नाही. १९१५ पासून दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि फोनोग्राफ शेजारी असत, दिवे मालवले जात, आणि गाणे कोणाचे चालू आहे हे श्रोत्यांनी ओळखायचे असे. अनेकांना ते ओळखता येत नसे, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. आज तीच मुद्रणे ऐकताना त्यांतील खरखर लपत नाही. म्हणजे ‘अगदी हुबेहूब’ हा प्रत्येक पिढीचा निर्वाळा त्या पिढीच्या अपेक्षेशी बांधलेला असतो. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून आणि समोर ठेवून असे दोन्ही प्रकारे श्रोत्यांकडून गुण मागवले, तेव्हा डोळ्यांना दिसणारे आकार आणि नाव यांनी कानांचा निर्णय बदलल्याचे आढळले. अनुभवी श्रोतेही त्याला अपवाद ठरले नाहीत. मनुष्य काही अंशी डोळ्यांनी ऐकतो, आणि किमतीनेही ऐकत असावा.

याच्या दुसऱ्या टोकाला गदगची घटना आहे. भीमसेन जोशी लहान असताना तेथील दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी त्यांच्या कानी पडली, आणि अकराव्या वर्षी, १९३३ साली, त्यांनी गाण्याच्या शोधात घर सोडले. ती तबकडी ७८ फेऱ्यांची, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. यंत्र दुकानातले, भोवती बाजाराचा गलबला. शौकिनांच्या कोणत्याही कसोटीला तो आवाज उतरला नसता. तरीही त्या आवाजाने एक आयुष्य घडवले. यावरून निकृष्ट यंत्र हेच उत्तम, असा भाबडा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. त्या दुकानापुढून त्याच काळात शेकडो माणसे गेली असतील, आणि ती आपापल्या घरी परतली. घटनेचा अर्थ एवढाच, की ध्वनी पोचवणे हे यंत्राचे काम आणि त्याला उत्तर देणे हे ऐकणाऱ्याचे. हे उत्तर म्हणजेच श्रोत्याची निष्ठा.

निष्ठेचे रूप पुढे कसे पालटते, हे कुमार गंधर्वांच्या उदाहरणात दिसते. बालवयात ते थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवीत आणि सभा थक्क होत. हाय-फाय हे विशेषण एखाद्या मनुष्याला लावायचे तर त्या बालकाला लावावे लागेल. पण मुंबईत देवधरमास्तरांकडे शिक्षण घेऊन आणि देवासच्या दीर्घ आजारपणातून बाहेर पडून कुमारांनी जे गाणे उभे केले, ते कोणत्याही तबकडीची प्रतिमा नव्हते. नक्कल करणारा मुलगा ध्वनीशी इमान राखत होता; प्रौढ गायकाचे इमान रागाशी होते. दुसरे इमान पहिल्याहून अवघड, कारण त्याला पडताळून पाहायला मूळ तबकडी नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. यंत्राने निदान मूळ गाण्याशी तरी प्रामाणिक राहावे, एवढीच शौकिनाची मागणी असेल, तर त्यात वावगे काय? वावगे काही नाही. पण ‘मूळ’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न सुटत नाही. तासभर उलगडणारा राग तीन मिनिटांत बसवताना गायकाने जे गाळले, ते तबकडीवर नाहीच. यंत्र कितीही प्रामाणिक असले तरी ते गाळलेले परत देऊ शकत नाही. अमर बोस यांनी १९६८ साली बाजारात आणलेल्या स्पीकरमध्ये बहुतेक ध्वनी भिंतींकडे सोडला, तो या विचाराने, की सभागृहात श्रोत्यापर्यंत पोचणारा बहुतांश ध्वनी परावर्तितच असतो. इतरांनी नेमके उलट, भिंतींचा परिणाम शक्य तितका टाळण्याचे धोरण ठेवले. एक गट सभागृहाच्या अनुभवाशी निष्ठा मागतो, दुसरा मुद्रित संकेताशी. दोघेही ‘मूळ’ हाच शब्द वापरतात. या वादात ज्याची आठवण मागे पडते तो तिसरा घटक म्हणजे गाणारा मनुष्य. त्याच्या श्वासाचा आवाज स्पष्ट ऐकू येणे वेगळे, आणि तो श्वास त्याने तेथे का घेतला हे कळणे वेगळे. त्यासाठी तबकडी शेवटपर्यंत ऐकावी लागते.

ऐकवण्याच्या या व्यवहारात वाटून घेणे म्हणजे काय, याचाही विचार केला पाहिजे. वस्तू दाखवता येते, वाटता येत नाही. श्रवण वाटता येते, आणि वाटल्याने ते उणे होत नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी एकत्र यावे, त्या इतरांना ऐकवाव्यात, त्यांविषयीची माहिती लिहून प्रसिद्ध करावी, हा तिचा उद्योग. संग्राहकाच्या कपाटातून तबकडी येथे सार्वजनिक स्मृतीत येते. रायपूरपासून फार दूर नसलेल्या खैरागढला १९५६ मध्ये राजघराण्याने आपला राजवाडा संगीत विद्यापीठाला दिला, आणि त्या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळात श्रीकृष्ण रातंजनकरांनी कुलगुरुपद सांभाळले. जे आपले आहे ते ऐकण्याची जागा म्हणून इतरांना खुले करणे, हे दान या प्रदेशाला अपरिचित नाही.

त्याच प्रदेशातील रस्त्यांवर मिरवणुकीच्या डीजेचे थर लागतात, तेव्हा शक्तिशाली स्पीकरचे दुसरे टोक दिसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मिरवणूक ती मोडते आणि सर्वांवर आवाज लादते. पडदे लावलेली खोली सर्वांना बाहेर ठेवते. दोन्हीकडे दुसऱ्या माणसाच्या कानाचा विचार सुटण्याचा धोका आहे. खोलीतील शौकिनाच्या बाजूने इतके मात्र म्हणता येईल, की शांततेची किंमत त्याला ठाऊक आहे. आणि ज्याला ती ठाऊक आहे त्याच्याकडून पाहुण्याने अपेक्षा ठेवावी, की तबकडी संपल्यावर येणाऱ्या शांततेतही तो लगेच यंत्राविषयी बोलणार नाही.

अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे ऐकवील अशी ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. ते गाणे शिष्यांच्या गळ्यातून पुढे गेले. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, यांनी आपले गाणे यंत्राच्या हवाली करण्याबाबत आयुष्यभर सावधपणा राखला. त्यांच्याच भैरवीची साडेतीन मिनिटे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. दुसरे यान त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या ५ तारखेला निघाले आणि १६ तारखेला केसरबाई निवर्तल्या. तबकडीबरोबर सुई आहे, ती कशी वाजवावी याच्या आकृत्या वेष्टनावर कोरलेल्या आहेत. धूळ नाही, गंज नाही, बाजाराचा गलबला नाही. २०१२ आणि २०१८ साली ती याने अनुक्रमे सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडली. साधनाची सिद्धता याहून अधिक काय असावी? पण ते गाणे तेथे अजून झालेले नाही. ते होण्यासाठी कोणीतरी ऐकावे लागेल, आणि ऐकून त्याला आपल्या परीने उत्तर द्यावे लागेल. गुढियारीच्या माडीवर ते उत्तर देणारा मनुष्य हजर आहे. सुई मध्येच न उचलणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे.