तांब्याची तार

आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. ती फिटेस्तोवर पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

अशाच एका म्हातारीच्या चौदा वर्षांच्या नातवानं विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडली, जाळून तांबं काढलं आणि बाजाराच्या गावी भंगारात विकलं. ज्याची केबल गेली त्याचा हरभरा वाळायला लागला होता. त्याचा राग काही खोटा नव्हता. पण "बांधा त्याला पाराला" म्हणणाऱ्यांपैकी एकानंही भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. पोर जळकं तांबं घेऊन येतं आणि मोठा माणूस ते मुकाट तोलून घेतो, मग चोर एकच कसा?

प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. तिथं एक न्यायाधीश आणि दोन समाजसेवक बसतात, त्यात एक बाई असावीच लागते. मंडळानं समज देऊन पोराला आजीच्या ताब्यात दिलं. गावाला हे पटलं नाही. "अशानंच लाडावतात," म्हणाले. 2015 चा कायदा अठराच्या आतल्या पोराला कोठडीत ठेवू देत नाही, त्याचं नाव छापू देत नाही, प्रकरण मिटल्यावर नोंदही नष्ट करा म्हणतो. (सोळाच्या पुढची पोरं आणि अतिगंभीर गुन्हे, त्यांचं वेगळं.)

कागदावरची नोंद नष्ट होईल, गावातली कोण करणार? कुणाची कोंबडी गेली की माणूस आधी त्याच्या दारात. वर्गात कंपास हरवली की त्याचंच दप्तर उलटं. महिन्याभरात पोर शाळेत जायचं बंद झालं. आता दिवसभर रिकामं, आणि भंगाराचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. पोर चोर होतं म्हणतात ते असं, हप्त्याहप्त्यानं.

हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. जेवण मिळतंच, पण संध्याकाळी पोर कुठं आहे हे कुणाला तरी ठाऊक असतं, मला तीच गोष्ट मोठी वाटते. आमच्या गावात त्या वर्षी ते नव्हतं.

शेवटी केबलवालाच म्हातारीला म्हणाला, "मावशे, आई-बाप येईस्तोवर रातच्याला आमच्याकडं जेवू दे त्याला. डोळ्यापुढं तरी राहील." यात माया किती आणि राखण किती, कोण जाणे. पोर जेवायला जाऊ लागलं. त्याच घरच्या पोरासंगं पुढं शाळेतही. भंगारवाल्याचा काटा मात्र अजून तिथंच आहे.