दामाजींची पावती आणि खारघरचं स्टेडियम

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, पण तिचा शेवट बहुधा घाईघाईत उरकला जातो. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार दामाजींनी भुकेल्यांसाठी उघडलं, बादशहा संतापला, विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि भक्त वाचला, एवढं सगळ्यांना आठवतं. महिपतींनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली आहे. तिच्यातली खरी मोलाची जागा मात्र दरबारातली आहे. विठ्ठल तिथे बादशहाला धाक दाखवत नाही, दयेची याचनाही करत नाही. तो धान्याची किंमत मोजून देतो आणि भरणा झाल्याची पावती घेतो.

धान्य उपाशी माणसांच्या पोटात गेलं होतं. त्याहून मोठं पुण्य कोणतं? तरीही वारकरी परंपरेला ही कथा तिथे थांबवावीशी वाटली नाही. कोठार दामाजींचं नव्हतं, ते त्यांच्या हवाली केलेलं होतं. जीव वाचवण्यासाठी काढलेल्या धान्याचाही हिशेब पुरा व्हावा, ही या कथेची नीती आहे. मग जिथे कुणाचा जीव जात नाही, जिथे प्रश्न करमणुकीचा आणि कुणाच्या तरी नफ्याचा आहे, तिथे सार्वजनिक कोठार उघडताना किती जपायला हवं?

हा प्रश्न आज पनवेलच्या दारात उभा आहे. पनवेल महापालिकेच्या हद्दीतल्या खारघरमध्ये, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने फुटबॉलचं उत्कृष्टता केंद्र उभारलं. पुढच्या टप्प्यात तिथे 40 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधायची योजनाही मांडली. मे 2025 मध्ये वानखेडेवरच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनला सांगितलं की, एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमसाठी राज्य सरकार जागा देईल. असोसिएशनची शताब्दी 2030 मध्ये आहे. महानगर जसजसं खाडी ओलांडून पसरतं आहे, तसतशा अशा योजना पनवेल-उरण आणि ठाण्यापलीकडच्या मोकळ्या जमिनींकडे वळणार, हे उघड आहे.

पनवेलकरांना ‘कर’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. महापालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाली. पुढे 2021 मध्ये खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेलच्या रहिवाशांच्या हातात मालमत्ता कराची देयकं पडली, ती थेट 2016 पासूनच्या पूर्वलक्षी आकारणीची. त्या काळात सिडको सेवाशुल्क घेत होती, म्हणून एकाच सेवेसाठी दुहेरी भार नको, असं लोकांचं म्हणणं होतं. मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. महापालिकेचं असं देयक उलगडून पाहावं. सामान्य कर, वृक्ष उपकर, अग्निशमन कर, शिक्षण कर, प्रत्येक ओळ आपण कशासाठी आहोत ते सांगते. थकवलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती. न भरण्याचं स्वातंत्र्य त्या कागदावर कुठेही नाही.

कर आणि तिकीट यांत फरक आहे तो हाच. तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक हा करांचा कडवा टीकाकार. 1974 च्या ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या ग्रंथात त्याने विल्ट चेंबरलेन या बास्केटबॉलपटूचं उदाहरण घेतलं. प्रत्येक प्रेक्षक आत जाताना चेंबरलेनच्या नावाच्या वेगळ्या पेटीत 25 सेंट टाकतो आणि हंगामाअखेर खेळाडू श्रीमंत होतो. यात अन्याय कुठे झाला, असा नॉझिकचा सवाल आहे. त्याच्या बाकीच्या विचारांशी वाद घालायला पुष्कळ जागा आहे, पण या उदाहरणातली पेटी लक्षात ठेवण्याजोगी आहे. सगळा युक्तिवाद त्या पेटीवर तोललेला आहे, कारण नाणं टाकणारा स्वखुशीने टाकतो. बाजाराचा इतका खंदा वकीलही व्यावसायिक खेळाच्या श्रीमंतीचं समर्थन करताना प्रेक्षकाच्या संमतीवर उभा राहतो. कामोठ्यातल्या भाडेकरूपुढे किंवा तळोज्याच्या कामगारापुढे अशी पेटी कुणी ठेवत नाही. त्याचा वाटा आधीच कापला गेलेला असतो.

संमतीचा प्रश्न पनवेलमध्ये आणखी बोचतो. महापालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै 2022 मध्ये संपली आणि पुढे काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. सिडको तर राज्य सरकारची कंपनी आहे, तिचं संचालक मंडळ कुणी नागरिक निवडून देत नाही. अशा काळात खर्चाला हरकत घ्यायची तर ती नेमकी कुठल्या सभागृहात घ्यायची?

आणि इथे केवळ पैशाचा मामला नाही. ज्या जमिनीवर नवी मुंबई उभी आहे, ती ठाणे, पनवेल आणि उरणमधल्या 95 गावांतल्या शेतकऱ्यांची, आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं होती. सार्वजनिक प्रयोजनासाठी म्हणून ती सक्तीने संपादित झाली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना मिळू लागला तो त्या रक्तामुळे. सार्वजनिक प्रयोजन हे शब्द या मातीत सरकारी कागदापुरते उरलेले नाहीत, त्यांच्यासाठी माणसं मेली आहेत. त्याच जमिनीचा तुकडा नाममात्र भाड्याने एखाद्या श्रीमंत क्रीडासंस्थेला किंवा लीगमधल्या संघमालकाला देणं म्हणजे शेतकऱ्याशी केलेला करार उलटवणं आहे. त्याने शेत सोडलं ते शाळेसाठी, रुग्णालयासाठी, रस्त्यासाठी, घरांसाठी.

या भूमिकेवर एक भक्कम आक्षेप आहे. तो कोल्हापुरातून येतो. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, 1912 मध्ये ते कुस्त्यांसाठी खुलं झालं. उतरत्या जमिनीवर बसलेल्या शेवटच्या माणसालाही आखाडा दिसेल अशी त्याची रचना आहे. तेही राज्याच्या आश्रयाने उभं राहिलेलं स्टेडियमच. त्याला चुकीचं म्हणायचं धाडस मराठी माणूस करणार नाही, करूही नये. आनंद ही समाजाची गरज आहे, एका मैदानात हजारो माणसं एका श्वासाने ओरडतात तेव्हा जातीच्या भिंती घटकाभर विसरल्या जातात, हेही खरं.

पण खासबागच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहायला हवं. त्याच राजाने सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आखाडा पाण्याच्या आणि शाळेच्या जागी आला नाही, त्यांच्या सोबतीने आला. आणि तो मल्लांसाठी होता, कुठल्या मालकाच्या ताळेबंदासाठी नव्हता. स्वतंत्र भारतात 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. ज्या खेळाडूला खरोखर गरज होती त्याच्यासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावं लागलं, ही या राज्याच्या क्रीडानीतीची जुनी जखम आहे.

ज्यांना गरज नाही त्यांच्या वाट्याला मात्र सवलती आल्या. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. त्याच 2023 च्या जून महिन्यात राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या पोलिस बंदोबस्ताचं शुल्क कमी केलं, तेही 2011 पासून मागे जाऊन. मुंबई पोलिसांचे या बंदोबस्ताचे 14 कोटी 82 लाख रुपये तेव्हा थकलेले होते. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी याचिका केली. ऑगस्ट 2024 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं, की झोपडपट्टीतल्या माणसाकडून पाणीपट्टी वसूल करता, मग इतक्या श्रीमंत संघटनेला माफी कशासाठी? पनवेलच्या रहिवाशाला पाच वर्षं मागे जाऊन आकारणी आणि क्रिकेटच्या संघटनेला बारा वर्षं मागे जाऊन सूट, हे एकाच राज्यात घडलं. हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहणाऱ्याला राग यावा, आणि तो रास्त आहे.

पाण्याचंही तेच. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दुष्काळी लातूरला पोचली. पाच लाख लिटर पाणी होतं तिच्यात. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. खेळपट्ट्यांसाठी सुमारे 60 लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा चर्चेत होता. सांडपाणी शुद्ध करून वापरू, मुख्यमंत्री निधीला पैसे देऊ, अशी तयारी दाखवली गेली. एवढ्याने दुष्काळ हटला नसता, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं आणि ते हिशेबाने बरोबरही होतं. तरी न्यायालयाचा निर्णय नैतिकदृष्ट्या अचूक होता. घोटभर पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत राज्य आपला प्राधान्यक्रम जाहीर करत असतं. स्वतःच्या मालकीचं देहरंग धरण असूनही उन्हाळ्यात पाणीकपात सोसणाऱ्या पनवेल शहराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या विचाराला मराठी वंशावळ आहे. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवण्यावर 1,000 रुपये खर्चण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. सदस्य असलेले जोतीराव फुले म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या. मतदानात ते एकटे विरोधात राहिले. पुढे शहरात मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांनी हरकत घेतली. मंडई पुण्याला उपयोगी ठरली आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. म्हणजे त्या एका इमारतीपुरता त्यांचा अंदाज कदाचित जास्त कठोर असेल. पण मंडईत भाजीवालीला गाळा मिळाला. लिटनच्या कमानींनी पुणेकराला काय दिलं?

स्टेडियम मंडईसारखं आहे की कमानीसारखं, हा तपासून पाहायचा मुद्दा आहे. रोजगार येईल, हॉटेलं चालतील, जमिनीचे भाव वाढतील, असं दरवेळी सांगितलं जातं. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी अनेक दशकं हे दावे तपासले. सार्वजनिक खर्च भरून येईल इतका फायदा स्थानिक अर्थव्यवस्थेला होत नाही, यावर त्यांच्यात दुर्मीळ म्हणावं असं एकमत आहे. मॉन्ट्रियलने 1976 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचं कर्ज तंबाखूवरच्या करातून फेडत 2006 उजाडलं. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम मात्र खासगी समूहाने उभारलं आणि 2008 मध्ये आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथेच झाला. धंदा करणाऱ्यांना स्वतःच्या पैशाने स्टेडियम बांधता येतं, याचा पुरावा पनवेलहून लोकलने अर्ध्या तासावर आहे.

सार्वजनिक पैसा खेळावर खर्च व्हायलाच हवा, पण खेळणाऱ्यांवर. घणसोलीत 2003 मध्ये शासकीय क्रीडासंकुलासाठी 20 एकर जागा ठरली होती. पुढे सिडकोने त्यातला भाग खासगी विकासकाला दिला आणि 2021 मध्ये सरकारने संकुलच रायगडमधल्या माणगाव तालुक्यात, शंभर किलोमीटरहून दूर हलवायचं ठरवलं. वास्तुविशारदांच्या संघटनेचं नवी मुंबई केंद्र न्यायालयात गेलं. जुलै 2024 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. व्यावसायिक सामन्यांसाठी जागा सापडते आणि पोरांच्या मैदानाची जागा विकासकाला जाते, हा क्रम उलटा करायला हवा. खारघरच्या स्टेडियमबाबत जमिनीचा बाजारभाव, भाडेपट्ट्याची रक्कम, देखभालीचा बोजा कुणावर, वर्षातले किती दिवस शाळांच्या आणि गावातल्या संघांना, हे सगळं लोकांपुढे यायला हवं. घणसोलीत नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. इथे ती चर्चा निविदा निघण्याआधी, निवडून आलेल्या सभागृहात, दारं उघडी ठेवून व्हावी.