झीज कोणाची?

अक्काच्या खोलीतला जुना टेबलफॅन गेले काही दिवस घरघरत होता. मागच्या पडवीत माझे छोटेसे साम्राज्य आहे: एक लहान लेथ, एक व्हाइस आणि कधीच उपयोगी न पडणाऱ्या स्क्रूंचे चार डबे. तिथे नेऊन पंखा उघडला. दांडा वरखाली डुलत होता. तो पोलादी, इतकी वर्षे फिरूनही जवळजवळ जसाच्या तसा. झिजला होता तो त्याला धरून ठेवणारा बुश. त्याचे गोल भोक खालच्या अंगाला झिजून लांबट झाले होते.

यात नवल काही नाही. बुश मुद्दामच मऊ धातूचा करतात. माझ्याजवळच्या गनमेटलमध्ये ८८ टक्के तांबे, १० टक्के कथील आणि २ टक्के जस्त. पोलादावर पोलाद घासत ठेवले, तर दोन्ही एकमेकांना ओरबाडतात आणि अखेर जाम होतात. म्हणून यंत्र आखणारा आधीच ठरवून टाकतो, की झीज एकानेच सोसावी. जो स्वस्त आहे, बदलता येतो, त्याने.

लेथवर नवा बुश कातताना हे शहाणपण मला पटत होते. मग तेच टोचू लागले.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, अक्का चौदाची. तिची शाळा सुटली. माझी सुटली नाही. वडिलांचा कडकपणा आणि माझा हट्ट यांच्यामध्ये ती उभी राहिली, म्हणून घर फिरत राहिले. "अक्काचा स्वभावच मऊ," असे आम्ही सगळे कौतुकाने म्हणत आलो.

कुणीतरी झिजल्यावाचून घर चालते कुठे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण गनमेटलचा मऊपणा भट्टीत एकदाच ठरतो; माणसाला तो रोज सकाळी नव्याने पत्करावा लागतो. त्याला 'स्वभाव' म्हटले, की तो त्याग उरत नाही आणि आपण ऋणातून अलगद सुटतो. शिवाय बुशाला तेल मिळत राहावे म्हणून कारागीर त्याच्याभोवती तेलात भिजवलेली नमद्याची चकती बसवतो. आम्ही तेवढेही केले नव्हते.

पंखा अक्काच्या खोलीत नेऊन लावला. तो मुकाट फिरू लागला.

"अक्का, तुला शाळा सोडायची नव्हती ना ग?" मी विचारले. साठ वर्षांत प्रथमच.

ती पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गणितात मी तुझ्यापेक्षा हुशार होते."