पुढच्यांचे पैसे

दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या माळ्यावरचे सगळे सामान खाली येते, आणि दरवर्षी त्यातली एक निळ्या पुठ्ठ्याची वही हातात धरून आमची ही विचारते, "अहो, ही रद्दीत घालू का?" मी "नको" म्हणतो. ती पुढे काही बोलत नाही, कारण त्या वहीत काय आहे ते तिला ठाऊक आहे. यंदा मात्र धाकटी नात तेथे होती. तिने वही उघडली, आतले इंग्रजी अक्षर लावून पाहिले आणि विचारले, "आजोबा, हा कसला हिशेब?" तिला उत्तर द्यायला बसलो आणि ते लांबतच गेले. तिला ते पटले की नाही कोण जाणे. ती मध्येच उठून कंदिलाच्या कामट्या बांधायला गेली. राहिलेले वाचकांना सांगतो.

निवृत्त होऊन पुण्याला येण्यापूर्वी मी सव्वीस वर्षे कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवीत होतो. अमेरिकेतील मोठमोठ्या विद्यापीठांची नावे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. या कॉलेजांचे नाव मात्र क्वचितच कानावर येते. असे पहिले सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी निघाले. आरंभी त्यात अवघे सहा विद्यार्थी होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर ट्रूमन यांनी उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याने १९४७ साली या कॉलेजांचा जोरदार पुरस्कार केला, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळले ते तेव्हापासून. येथे प्रवेशाला गुणांची अट नाही. फी कमी. दोन वर्षे शिकावे आणि एक छोटी पदवी घेऊन कामाला लागावे, किंवा उरलेली दोन वर्षे पुरी करायला विद्यापीठात जावे, अशी ही व्यवस्था. दोन वर्षे ही म्हणायची. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना चार-चार, पाच-पाच लागतात. माझ्या वर्गात अठरा वर्षांच्या पोरीशेजारी पन्नाशीचा सुतार बसलेला असे, आणि बहुधा त्या सुताराचा गृहपाठ आधी पुरा झालेला असे.

अशा कॉलेजात वसतिगृह बहुधा नसते. विद्यार्थी गाडीने येतात, तास संपला की गाडीने कामावर जातात. कॉलेजातली सर्वात गजबजलेली जागा कोणती, असे कोणी विचारले तर ग्रंथालय किंवा मैदान न सांगता गाड्या उभ्या करण्याचे पटांगण सांगावे लागेल. मी शिकलो ते तालुक्याच्या कॉलेजात. तेथे वाङ्मय मंडळाची सभा संपली तरी आम्ही दिवे जाईपर्यंत पायरीवर बसून असू. इकडे पायरीवर बसायला कोणाला सवड नव्हती.

तरीही तेथे मंडळे होती, आणि पुष्कळ होती! हुशार विद्यार्थ्यांचे फाय थिटा काप्पा हे मंडळ तर खास दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी १९१८ साली मिसुरी राज्यात निघाले आणि ते आजही चालू आहे. याखेरीज प्रत्येक कॉलेजाची आपापली लहान लहान मंडळे असतात. सत्राच्या सुरुवातीला हिरवळीवर टेबले मांडतात, पिझ्झ्याची लालूच दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याची नावे लिहून घेतात. मंडळ म्हटले की त्याला घटना हवी, पदाधिकारी हवेत, सभेचे इतिवृत्त हवे आणि प्राध्यापकांपैकी एक सल्लागार हवा. पाच जणांच्या सभेतसुद्धा सूचना कोणी मांडली आणि अनुमोदन कोणी दिले हे लिहिले गेलेच पाहिजे. अमेरिकन माणूस एरवी मोकळाढाकळा, पण सभा म्हटली की तो सोवळे नेसतो. त्या देशाचे हे सभाशास्त्र रॉबर्ट नावाच्या एका लष्करी इंजिनियराने १८७६ साली ग्रंथरूपाने बांधून काढले. एका सभेचे अध्यक्षपद एकदा त्याच्या गळ्यात पडले, ती सभा त्याला आवरेना, आणि त्या फजितीतून तो या अभ्यासाकडे वळला.

मी ज्या मंडळाचा सल्लागार होतो त्याचे काम एका कपाटात मावणारे होते. अमेरिकेत पाठ्यपुस्तके फार महाग. संख्याशास्त्राचे एक पुस्तक सहज दीडशे डॉलरच्या वर जाई. काही विद्यार्थ्यांनी केव्हातरी आपली वापरलेली पुस्तके एका कपाटात ठेवली आणि पुढच्या सत्राच्या गरजू विद्यार्थ्यांना ती उसनी देण्याची प्रथा पाडली. वर्षातून दोनदा तामाले नाहीतर गोड पाव विकून थोडे पैसे जमवायचे आणि नव्या आवृत्त्या घ्यायच्या. हे कोणी सुरू केले ते मला कधीच कळले नाही. मी सल्लागार झालो तेव्हा कपाट होते, किल्ली होती, खात्यात थोडे डॉलर होते आणि चार अनोळखी मुले होती. दोन वर्षांनी त्या चौघांतले कोणी उरले नाही. मुले सगळी बदलली, पण कपाट तेच आणि मंडळही तेच. आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या मागेपुढे क्रमांकाने चालणाऱ्या दिंड्या असतात. त्यांतल्या एखादीत पहिल्या वारकऱ्यांपैकी एकही नसतो, तरी क्रमांक तोच राहतो. तसेच हे. फरक एवढाच, की दिंडीत बाप मुलाला आणतो. येथे आणणारे कोणी नव्हते.

२०१३ सालच्या नोव्हेंबरात मंडळात पाच जण होते आणि खात्यात सहाशे बारा डॉलर. पाचांतली एक बाई चिटणीस होती. तिशी उलटलेली, रात्री वृद्धाश्रमात काम करणारी. परिचारिका व्हायचे म्हणून दिवसा माझ्याकडे संख्याशास्त्र शिकत होती. तिची गाडी बंद पडली. गॅरेजवाल्याने साडेपाचशे डॉलर सांगितले. त्या गावात गाडी नसणे म्हणजे काय, हे आपल्या रिक्षा-बसच्या गावात बसून कळायचे नाही. दोन बस बदलून ती पहिल्या तासाला पोचत नसे आणि रात्रीच्या कामावर जायला बसच नसे.

सभेत एका मुलाने सूचना मांडली की मंडळाच्या शिलकीतून तिची गाडी दुरुस्त करावी. दुसऱ्याने अनुमोदन दिले. ती काही बोलली नाही. आपल्याच विषयाचे इतिवृत्त खाली मान घालून लिहीत राहिली. मतदानात तिने हात वर केला नाही. बाकीचे चारही हात वर गेले. मग चौघांनी माझ्याकडे पाहिले, कारण सल्लागाराच्या सहीशिवाय पैसे निघत नसत.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र" ही म्हण मला त्या क्षणी आठवली हे कबूल केले पाहिजे. आपला नसलेला माल उदारपणे वाटायला निघालेली ही मुले! ते पैसे काही त्यांनी एकट्यांनी मिळविले नव्हते. आधीच्या कितीतरी तुकड्यांनी पहाटे उठून तामाले वाफवले होते, ते पुढे येणाऱ्यांच्या पुस्तकांसाठी. म्हणजे दुकान एकाचे आणि तुळशीपत्र दुसऱ्याचे, हे तर खरेच. पण हा हलवाई होता तरी कुठे? जुना दुकान सोडून गेलेला, आणि नवा अजून आलेला नव्हता. दुकानात उभी होती ती ही पाचच माणसे.

या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांत जुने भांडण आहे. १७८९ साली जेफरसन पॅरिसमध्ये होता. तेथून त्याने मॅडिसनला एक पत्र लिहिले. पृथ्वी जिवंत माणसांच्या उपभोगासाठी आहे, मेलेल्यांचा तिच्यावर हक्क नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने मृत्यूचे कोष्टक घेऊन हिशेब केला आणि पिढी एकोणीस वर्षांची ठरविली. तेवढ्या काळानंतर एका पिढीने केलेले कायदे आणि कर्जे दुसरीवर लादू नयेत, असे त्याला वाटत होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बर्क याने उलट बाजू मांडली. त्याच्या मते समाज ही जिवंत, मृत आणि अजून न जन्मलेल्या अशा सर्वांची भागीदारी. आमच्या कॉलेजात पिढी दोन वर्षांची होती, एवढाच भेद. एरवी ते कपाट म्हणजे बर्कची भागीदारी आणि ते चार वर गेलेले हात म्हणजे जेफरसन.

मी बर्कच्या बाजूने गेलो. मुलांना म्हणालो, भिशी असती तर गोष्ट वेगळी. भिशीत जो घालतो तोच काढतो. येथे घालणारे गेले आहेत आणि काढणारे यायचे आहेत, आपण फक्त मधले आहोत. शिवाय मंडळाचे पैसे एका व्यक्तीच्या खाजगी कामाला वापरता येत नाहीत, असा कॉलेजचा नियमही होता. तो मी सांगितला. नियम सांगताना मला बरे वाटले. आता विचार करतो तेव्हा त्या बरे वाटण्याचाच मला संशय येतो. सहीची जबाबदारी माझ्यावरून उतरली होती. "हा विषय पुढच्या सभेत पाहू," असे मीच सुचविले, आणि तिने तसे लिहिले.

घरी येऊन जेवताना मी हे सगळे हिला सांगितले, थोडे ऐटीतच सांगितले असावे. हिने पानात आमटी वाढली आणि विचारले, "मग तुम्ही किती दिलेत?"

खरे सांगतो, तोपर्यंत हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मृतांचा आणि न जन्मलेल्यांचा एवढा विचार मी केला, पण त्या खोलीत महिन्याचा पगार घेणारा मीच एक होतो हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते. पुढच्यांचा विश्वस्त होऊन बसलो की हा एक मोठा सोयीचा भाग असतो: ते पुढचे कधी दारात येऊन उभे राहत नाहीत. त्यांच्याशी प्रामाणिक राहायला खिशात हात घालावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाकिटात दोनशे डॉलर घालून नेले. ती आली नव्हती. त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात वर्गाच्या यादीतून तिचे नाव गेले. कपाटातून उसने नेलेले पुस्तक तिने एका मुलाच्या हाती परत पाठविले होते, मुदतीच्या आत. आत चिठ्ठीबिठ्ठी नव्हती. मी पाने चाळून पाहिली. पाकिटातले पैसे पाकिटातच राहिले आणि मग हळूहळू खर्च झाले. कशावर, ते आठवत नाही.

मी म्हणेन की त्या पैशांवर सही न करणे बरोबर होते. अजून म्हणेन. आधीच्या प्रत्येक तुकडीत कोणीतरी अडचणीत असणारच. त्या त्या वेळी कपाट मोडून खाल्ले असते तर या पाचांपर्यंत ते आलेच नसते. तिने ज्या पुस्तकावर अभ्यास केला तेदेखील कोणीतरी न खाल्लेलेच होते. पण याला दुसरी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा व्हायचा नाही. २०१२ पासून टेक्सासच्या राइस विद्यापीठातून ओपनस्टॅक्स नावाने पाठ्यपुस्तके संगणकावर फुकट मिळू लागली. आरंभी थोडीच होती. मग संख्याशास्त्राचे आले, पुढे २०१६ साली कलनशास्त्राचे आले. कपाटाकडे कोणी फिरकेना. क्लबांच्या दिवशी मी स्वतः टेबलाशी उभा राहिलो, पिझ्झा संपला, नावे दोन मिळाली. मंडळ बंद झाले, आणि नियमाप्रमाणे त्याची शिल्लक विद्यार्थी संघाच्या सामान्य निधीत जमा झाली. तिचे पुढे काय घेतले मला ठाऊक नाही; खुर्च्या घेतल्या असतील. ज्यांच्यासाठी मी ते सहाशे बारा डॉलर राखले ते आले खरे, पण त्यांना त्यांची गरज नव्हती.

वर्गात मी मुलांना नेहमी सांगत असे, की निर्णय चांगला की वाईट हे निकालावरून ठरवू नका. घेताना जे माहीत होते त्यावरून ठरवा. त्या कसोटीला मी उतरतो. फुकटची पुस्तके येणार हे मला २०१३ साली काय ठाऊक! मात्र घेताना जे माहीत होते त्यात, समोर कोण बसले आहे आणि माझ्या पाकिटात काय आहे, हेही होते.

२०१९ साली खोली रिकामी करताना कपाट उघडले. पुस्तके कोणी नेईना, ती रद्दीत गेली. काहींच्या पहिल्या पानावर एकाखाली एक सात-आठ नावे होती, निरनिराळ्या शाईत. वही मात्र मी सामानात घातली. नातीने परवा उघडले ते पान नोव्हेंबरच्या सभेचे. अक्षर बारीक, टपोरे, एकही खाडाखोड नाही. सूचना, अनुमोदन, बाजूने चार, विरोधी शून्य, तटस्थ एक. त्याखाली लिहिले आहे, की सल्लागारांच्या सूचनेवरून विषय पुढील सभेत घ्यावा. पुढच्या सभेच्या पानावर तो विषय नाही, आणि अक्षर दुसऱ्या कोणाचे आहे.