परत येईन तेव्हा

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना आपण बहुतेकदा जखमा बांधण्यापाशी थांबतो. वाटमारी झालेला माणूस रस्त्यात पडला आहे, याजक आणि लेवी बाजूने निघून गेले आहेत, शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल ओततो, पट्ट्या बांधतो. लूकने सांगितलेली गोष्ट याच्या पुढे जाते. दुसऱ्या दिवशी निघताना तो उतारशाळेच्या माणसाच्या हातावर दोन नाणी ठेवतो आणि वर सांगतो, यापेक्षा जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. जखमी माणसाला बरे व्हायला किती दिवस लागतील, हे त्याला कुठे ठाऊक आहे? तरी तो स्वतःला बांधून घेतो. मला या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो. वणव्यात जळालेल्या गावांत तो पुन्हा समोर येतो.

उत्तर कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या डोंगरांत, पाइनच्या झाडीत पॅराडाइज हे गाव आहे. २०१८ पर्यंत वस्ती सुमारे २६ हजारांची होती, त्यात निवृत्त माणसे पुष्कळ. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी जुन्या वीजवाहिनीवरचा झिजलेला आकडा तुटला, ठिणग्या सुक्या रानात पडल्या, आणि वाऱ्याने काही तासांत गाव आगीच्या तोंडी दिले. ८५ माणसे गेली. १८ हजारांहून अधिक बांधकामे जळाली, त्यांत चर्चच्या इमारतीही होत्या. धूर बे एरियापर्यंत आला. फ्रीमाँट-सनीवेलकडची मराठी कुटुंबेही दारे-खिडक्या लावून बसली होती, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२० च्या जनगणनेत पॅराडाइजमध्ये पाच हजारही माणसे भरली नाहीत.

पूर ओसरला की निदान भिंती उरतात. वणव्यानंतर उरते ते धुराडे आणि राख. सुरुवातीच्या आठवड्यांत चर्चचे स्वयंसेवक ती राख चाळून द्यायला येतात. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, लाकडी चौकटीला ठोकलेली जाळी. घरातली बाई बोटाने दाखवते: इथे पलंग होता, इथे कपाट. दोघे जण चाळण धरून हलवतात, आणि ती शेजारी उभी राहून बघते. चिनीमातीची एखादी वस्तू शाबूत निघते, कारण ती आधीच भट्टीतून निघालेली असते. कधी अंगठी सापडते. पुष्कळदा काहीच सापडत नाही, तरी चाळणारे शेवटच्या फावड्यापर्यंत चाळतात. त्या बाईसाठी हे कुणीतरी मन लावून केले, याचे मोल फार आहे.

त्यानंतरचा काळ खरा कठीण. कॅमेरे गेलेले असतात, देणग्या आटतात. पॅराडाइजमध्ये तर जमिनीखालच्या नळांत बेंझिन उतरले होते. पाणी निर्धोक ठरायला २०२० चा मे उजाडला. विम्याचे पैसे घर बांधायला पुरत नाहीत, अनेकांचा विमाच नसतो. अशा वेळी गावोगावी एक बैठक भरू लागते. केस मॅनेजर एकेका कुटुंबाची अडचण मांडतो. एक चर्च लाकडाचा खर्च उचलते, दुसरे माणसे देते, एखादी संस्था उरलेल्या रकमेची जबाबदारी घेते. लुथरन, मेथडिस्ट, मेनोनाइट, कॅथलिक, सगळे एका टेबलाशी. या बैठकीत भाषण कुणी करत नाही, इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढचे घर घेतले जाते. इतक्या रुक्ष कामात इतकी दया मी क्वचितच पाहिली आहे.

त्यात मेनोनाइटांविषयी मला विशेष आदर आहे. शस्त्र हाती न घेणारा हा पंथ. १९५० मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टन गावी संडे स्कूलच्या सहलीत काही तरुणांनी ठरवले की युद्धाला नकार देऊन भागणार नाही, लोकांच्या उपयोगी पडले पाहिजे. त्यातून मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस उभी राहिली. पॅराडाइजमध्येही त्यांची माणसे आली. कुणी निवृत्त सुतार, कुणी शेतकरी, कुणी कॉलेजची मुले. एक तुकडी गेली की दुसरी येते, आणि आधीच्यांनी जिथे खिळा ठोकला तिथून पुढे काम सुरू होते. घर पूर्ण झाले की सगळे मिळून प्रार्थना करतात आणि घरच्यांना हाताने शिवलेली गोधडी देतात. घर मिळण्यासाठी कुणाचा धर्म विचारला जात नाही.

याच पंथाची माणसे १८९९ मध्ये, दुष्काळांच्या काळात, आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला आली होती. तेव्हा त्या मुलखाचा कारभार नागपूरहून चाले. दुष्काळ सरला, ती माणसे राहिली. त्यांनी सुरू केलेले रुग्णालय आजही रोगी तपासते आहे.

सगळ्याच चर्चना हे जमते असे नाही. माणसे थकतात, पुढच्या वर्षी दुसरीकडे वादळ येते आणि सगळे तिकडे धावतात. त्यांना दोष देववत नाही, पण अर्ध्यावर राहिलेल्या घरात झोपणाऱ्याचे काय, हा प्रश्न सुटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळचे आल्टाडेना जळाले. नऊ हजारांहून अधिक बांधकामे गेली, कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची घरे गेली, आणि ज्या चर्चमध्ये त्यांनी आधार शोधला असता त्यांतलीही काही गेली. आजच्या प्रार्थनेत त्या गावाचे नाव घेऊ या. आणि तेव्हा ज्यांनी पैसे पाठवले होते, त्यांना माझी विनंती आहे की यंदाही पाठवावेत, पुढच्या वर्षीही. परवाने, भिंती, छप्पर यांचा खर्च राख उचलल्यानंतरच सुरू होतो.