पुसलेले वाक्य

माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानातल्या नव्या वह्यांची पूजा होई, आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढण्याचे काम मालक नानांकडे देत; कारण त्यांचे अक्षर सुंदर होते. नाना म्हणायचे, "वही म्हणजे काही देव नव्हे. पण तिच्यात खोटं लिहिलं, तर देवसुद्धा वाचवायचा नाही."

नानांचे सारे काम म्हणजे एका वहीतले दुसऱ्या वहीत नेणे. दिवसभर जे जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचे, आणि मग तिथून उचलून ज्याचे त्याचे खतावणीत मांडायचे. खाडाखोड मुळीच करायची नाही. चूक झालीच तर ती तशीच ठेवून पुढे तिची दुरुस्ती लिहायची. रात्री मेळ बसला नाही, दोन पैशांचा जरी फरक राहिला, तरी नानांना झोप येत नसे.

मी पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत नोकरी करते. माझे काम नानांच्या कामाहून फारसे निराळे नाही, हे फार उशिरा माझ्या ध्यानात आले. आमच्या भाषेत त्याला 'डेटा पाइपलाइन' म्हणतात. पण आहे ती रोजकीर्द ते खतावणी हीच वाट. एका ठिकाणी माहिती साठते, तिथून यंत्राकडून ती ठरावीक वेळाने आणवायची, आणि मोठ्या कोठारात नीट लावून ठेवायची. जिथून माहिती आणायची त्या ठिकाणाला 'सोर्स' म्हणतात. गेल्या वर्षी असाच एक सोर्स जोडण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यातून जो प्रश्न निघाला तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

तुमच्या घरातले कोणी कचेरीत काम करत असेल तर 'स्लॅक' हे नाव तुमच्या कानांवर आले असेल. व्हॉट्सअ‍ॅपचा कचेरीतला भाऊच म्हणा ना! त्याच्या जन्माची कथा गमतीची आहे. स्ट्यूअर्ट बटरफील्ड आणि त्यांचे सोबती 'ग्लिच' नावाचा एक खेळ चालवीत होते. तो चालेना, म्हणून २०१२ साली बंद झाला. पण खेळ बनवताना आपसात बोलण्यासाठी त्यांनी जे साधन घरच्या घरी तयार केले होते, ते २०१३ मध्ये त्यांनी जगापुढे आणले. २०२१ मध्ये सेल्सफोर्स कंपनीने ते घेतले तेव्हा व्यवहार २७ अब्ज डॉलरांच्या वर गेला होता. इंग्रजीत 'स्लॅक' म्हणजे ढिलाई; पण त्या नावाची पाच अक्षरे ज्या पाच शब्दांची आद्याक्षरे आहेत, त्यांचा अर्थ मात्र निराळा आहे : साऱ्या संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येण्याजोगी नोंदवही.

नाव ठेवतानाच त्यांनी सांगून टाकले होते. ऐकले नाही ते आपण! आपण तिथे गप्पा मारायला जातो. चहा पिऊन येते, साहेब आज तापलेले आहेत, कालचा सामना पाहिलास का, असले सगळे आपण त्यात लिहितो. वाटते, की आपण बोलतो आहोत. प्रत्यक्षात आपण नोंद करीत असतो.

आमच्या वरिष्ठांची इच्छा साधी होती. लोकांचे काम कुठे अडते, कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, हे बोलण्यातून कळेल. तेव्हा सारे बोलणे कोठारात आणा. मी कामाला लागले. प्रथम एक छोटे अ‍ॅप नोंदवावे लागते. मग त्याला परवानग्या द्यायच्या. चॅनेलांची यादी पाहण्याची एक, त्यांतला मागचा मजकूर वाचण्याची दुसरी, माणसांची नावे पाहण्याची तिसरी. अशा एकेक परवानगीपुढे खूण करायची. ते झाले की 'टोकन' नावाची अक्षरांची एक लांबलचक माळ मिळते. तीच किल्ली. ती आपल्या यंत्रात घातली, कोणत्या तारखेपासूनचे आणायचे ते सांगितले, की पाट वाहू लागतो.

एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. दाराशी हे यंत्र पुष्कळ माणसांहून सभ्यपणे वागते. दोघांच्या खाजगी बोलण्यात आमच्या त्या अ‍ॅपला शिरकाव नव्हता. बंद चॅनेलात कोणी बोलावल्याखेरीज त्याला जाता येत नाही. फार घाई केली तर पलीकडून ४२९ असा आकडा येतो, म्हणजे 'जरा थांबा', आणि किती सेकंद थांबायचे तेही सांगितले जाते. पण सर्वांसाठी उघड्या असलेल्या चॅनेलांच्या बाबतीत माझ्या यंत्रात एक बटण होते : सगळ्या उघड्या चॅनेलांत आपण होऊन सामील व्हा. मी ते दाबले. चॅनेलाचे दार उघडेच होते. मग विचारायचे कोणाला? प्रत्येक चॅनेलात 'अमुक अ‍ॅप सामील झाले' अशी एक ओळ उमटली. ती कोणी वाचली नाही. मीसुद्धा असल्या ओळी वाचत नाही.

पंधरा-पंधरा मिनिटांनी यंत्र जाऊन विचारी, "मागच्या वेळेनंतर नवे काय?" आणि नवे असेल ते घेऊन येई. आठवड्याने मी मेळ बसवायला घेतला. स्लॅकमध्ये एका चॅनेलात जितके संदेश, तितक्याच ओळी माझ्या कोठारात हव्यात. एका चॅनेलात एक ओळ जास्त निघाली.

तुम्ही म्हणाल, एका ओळीने काय बिघडते? पण मी नानांची मुलगी. मी ती ओळ शोधून काढली.

रात्री पावणेबाराच्या सुमारास आमच्याच गटातल्या एका तरुण मुलाने लिहिले होते : "मॅडमना फक्त आकडे दिसतात. माणसं दिसत नाहीत." मित्राला लिहायचे ते चुकून उघड्या चॅनेलात पडले असावे. लक्षात येताच त्याने पुसले. स्लॅकमधून ते गेले. पण तेवढ्या दोन-चार मिनिटांत माझे यंत्र येऊन ते वाक्य उचलून गेले होते. ते यंत्र फक्त 'नवे काय' एवढेच विचारी; 'गेले काय' हे विचारायला मी त्याला शिकवले नव्हते. मॅडम म्हणजे अर्थात मीच. चार दिवसांपूर्वी त्याने आईच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली होती, आणि महिनाअखेरचे काम दाखवून मी ती आठवडाभर पुढे ढकलायला सांगितले होते.

प्रथम मला राग आला. मग लाज वाटली. आणि मग एक तिसरीच भावना आली, ती बराच वेळ गेली नाही : दुसऱ्याचे पत्र उघडल्यासारखी.

पण पत्र मी उघडले होते का? माझ्यातला वकील लगेच उभा राहिला. चॅनेल उघडे होते. त्या क्षणी कोणीही ते वाचू शकले असते. पारावर बसून मोठ्याने बोलायचे, आणि कोणी ऐकले म्हणून तक्रार करायची, हा कुठला न्याय?

या युक्तिवादात एक खोट आहे, ती शोधायला मला काही दिवस लागले. पारावरचे बोलणे ऐकू येणे वेगळे, आणि पाराखाली कोणीतरी बसून ते उतरून घेणे वेगळे. पारावर बोलणाऱ्याला समोर कोण आहे ते दिसते. तो त्याप्रमाणे आवाज चढवतो, उतरवतो, जीभ चावतो. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही असे आपण म्हणतो. पण अनुभव काही तेवढा कठोर नाही. रागात बोललेले हजारो शब्द परत आलेलेच आहेत. ऐकणारे विसरले, म्हणून ते परत आले. सासू-सुना, भाऊ-भाऊ, नवरा-बायको एका छपराखाली नांदतात ते काय सगळ्यांच्या सगळे लक्षात राहते म्हणून? विस्मरण हे माणसाचे व्यंग आहे असे आपण समजतो. मला तर वाटते, घर ज्या खांबांवर उभे असते त्यांतला तो एक खांब आहे. यंत्राला तो खांब दिसत नाही. कारण विसरणे त्याच्या स्वभावात नाही.

मग सारे पुसूनच टाकावे का? तेही मला पटेना. माझी एक जुनी मैत्रीण दुसऱ्या एका कचेरीत होती. तिचा वरिष्ठ तिला एकटीला गाठून नको ते बोले. तिने तक्रार केली तेव्हा विचारण्यात आले, "पुरावा काय?" तोंडी बोलण्याला पुरावा कुठला! तिने नोकरी सोडली. तो माणूस बढती घेऊन निवृत्त झाला. त्या काळी ते शब्द कुठे नोंदले गेले असते तर? बलवानाला विसरणे सोयीचे असते, आणि दुबळ्याला पुष्कळदा नोंदीचाच आधार असतो. तेव्हा 'स्मरण वाईट, विस्मरण चांगले' एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला. पण नोकरीशी निगडित काही कारणांसाठी वेगळी संमती न घेता माहिती वापरण्याची मुभा त्यात मालकाला ठेवली आहे. म्हणजे मी केले ते कदाचित कायद्यात बसलेही असते. पण कायदा आपल्याला कुंपण कुठे आहे ते सांगतो; कुंपणाच्या आत कसे वागायचे, ते आपले आपल्यालाच ठरवावे लागते.

उत्तर मला अखेर नानांच्या दुकानात सापडले. हळद विकायला आलेला शेतकरी पट्टीचा हिशेब विचारी, तेव्हा नाना वही फिरवून त्याच्यापुढे ठेवीत. वाचता येत नसेल त्याला ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवीत. "ज्याच्या नावाचं पान, त्याला ते बघायचा हक्क," एवढेच म्हणत. नानांच्या वहीत खाडाखोड नव्हती, आणि तरीही तिची कोणाला भीती वाटत नसे, याचे रहस्य तिथे होते. आपले नाव लिहिले जात आहे हे समोरच्याला ठाऊक असे. का लिहिले जात आहे हे ठाऊक असे. आणि पान त्याच्याकडे फिरवता येत असे. चित्रगुप्ताची वहीसुद्धा, आपण मानतो त्याप्रमाणे, ज्याची त्याच्यासमोर उघडली जाते. त्याच्या माघारी ती चाळत बसणारा चित्रगुप्त कोणी कल्पिलेला नाही.

मी माझ्या कोठाराला हीच कसोटी लावली. हे पान मी त्या मुलाकडे फिरवू शकेन का? छातीत धडधडले, त्यावरूनच उत्तर कळले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बाजूला बोलावले आणि सारे सांगितले. त्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, ते मी पुसलं होतं," तो एवढेच म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगतेय. तू पुसलंस, आणि मी वाचलं. चूक माझी आहे." मग मी त्याला रजेवर जायला सांगितले. ते मी आठवड्यापूर्वीच सांगायला हवे होते.

इथे कोणी म्हणेल, पाहा, यंत्राने चोरून आणलेल्या वाक्याने शेवटी भलेच केले! हा विचार माझ्याही मनात आला, आणि तो फार गोड होता. पण चोरीच्या धान्याने भूक भागली म्हणून चोरी दान होत नाही. ते वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकू यायला हवे होते. माझ्यासमोर ते बोलण्याची त्याची छाती झाली नाही, हा दोष माझा. आणि तो दोष यंत्राने भरून काढायचा, हा त्याहून मोठा.

राहिला एक प्रश्न. ती ओळ मी पुसावी, तर स्वतःविरुद्धची नोंद पुसल्यासारखे होणार. ठेवावी, तर त्याने मागे घेतलेला शब्द अडकवून ठेवल्यासारखे. मी त्यालाच विचारले.

"मला कशाला विचारता, मॅडम?"

"वाक्य तुझं आहे म्हणून."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "पुसा. पण तुम्ही विसरू नका."

ते सामील होण्याचे बटण मी बंद केले आहे. आता फक्त दोन चॅनेलांतले येते, तेही ग्राहकांच्या प्रश्नांचे, माणसांची नावे गाळून. स्लॅकमध्ये काही पुसले गेले तर त्याची वर्दी आमच्याकडेही येते आणि ती ओळ इथूनही जाते. दोन्ही चॅनेलांच्या माथ्यावर, इथले बोलणे नोंदले जाते आणि ते कशासाठी, हे साध्या शब्दांत लिहिले आहे. वरिष्ठ प्रथम कुरकुरले. मग म्हणाले, पाहिजे ते आकडे एवढ्यातूनही मिळतात.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी नानांची एक जुनी रोजकीर्द पाटावर ठेवणार आहे. तिच्याशेजारी माझा संगणक ठेवीन, त्यालाही हळदकुंकू लावीन. तो मुलगा रजेवरून आला तेव्हा आईने दिलेल्या चकल्या घेऊन आला होता. चकल्यांची नोंद मी कुठेही केलेली नाही. पण त्याचे वाक्य, त्याने सांगितल्याप्रमाणे, मी विसरलेले नाही.