न टोचणारी साखर

मधुमेह झालेल्या माणसाला जगात दोघांची भीती वाटते. एक, "घ्या हो, एकाने काय होतंय" म्हणणाऱ्या यजमानीणबाई आणि दुसरी, बोट टोचायची सुई. पैकी यजमानीणबाईंचे मन मी आजवर मोडलेले नाही. सुईला मात्र घाबरतो.

खरे म्हणजे सुई दुखते कितीशी? मुंगी चावावी एवढी. दुखतो तो नंतर यंत्रावर उमटणारा आकडा. रात्री पंगतीत बुंदी दोनदा घेतलेली असली की सकाळी गृहपाठ न केलेल्या पोरासारखा मी हात पुढे करतो. वालूरच्या शाळेत जन्मभर मी छडी चालवली, त्याची ही फिटंफाट असावी.

अशात पुण्याहून चिरंजीवांनी एक घड्याळ पाठवले. मनगटाला बांधायचे, खालून हिरवा दिवा लागतो, आणि सुई नाही, रक्त नाही, साखर हजर! पहिल्या सकाळी आकडा आला १०४. बुंदीनंतर १०६. आमरसानंतर १०३. इतके समजूतदार यंत्र मी पाहिले नव्हते.

सौभाग्यवतींना मात्र समजूतदारपणाचा पहिल्यापासून संशय. त्यांनी ते घड्याळ एका वांग्याला बांधले. आकडा आला १०५.

"अहो, वांग्याला पथ्य सांभाळायला सांगा," त्या म्हणाल्या.

आता शहाण्या माणसाने घड्याळ तिथेच काढून ठेवले असते. मी पुन्हा बांधले. स्वतःशी थोडे खोटे बोलायची मुभा माणसाला असू नये काय? माझी साखर, माझे शरीर, माझा आमरस. यात दुसऱ्याचे काय गेले?

टोचल्यावाचून साखर ओळखणे ही विद्या तशी जुनीच. लघवीला मुंग्या लागल्या की जुने वैद्य मधुमेह ओळखीत. आमच्या वडिलांच्या काळी परीक्षानळीत निळे औषध घालून लघवी तापवीत. निळी राहिली तर सुटलो, विटकरी झाली तर संपले. पण मुंग्यांना आणि परीक्षानळीला मन राखणे ठाऊक नव्हते.

प्रकाशाने साखर मोजणे हीही काही थाप नव्हे. प्रकाश पदार्थातून विखुरताना त्याचा रंग किंचित बदलतो, हे आपल्या रामन यांनी १९२८ साली दाखवले. त्याच आधारावर अमेरिकेत एमआयटीसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे खटपट चालू आहे. अडचण अशी की निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चमचाभर. (मी चहात दोन घालीत असे.) कातडी, पाणी, चरबी यांच्या गर्दीत तो चमचा बाहेरून शोधायचा. दंडावर चिकटवायच्या चकत्या निघाल्या आहेत, त्या बऱ्यापैकी मोजतात; पण त्यांचीही केसासारखी तार कातडीखाली शिरलेली असतेच. मुळीच न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असे अमेरिकेच्या औषध खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले. त्यांना हे कळायला शास्त्रज्ञ लागले. आमच्याकडे एका वांग्यात काम झाले.

तरी मी गप्प राहिलो. आणि अण्णांनी विचारले, "सर, घड्याळ कसं हाय?" तेव्हा तोंडातून निघून गेले, "उत्तम!"

अण्णा माझे शेजारी. दोन वेळा इन्सुलिन घेतात. शाळामास्तराचा शब्द म्हणून त्यांनी तसलेच घड्याळ मागवले आणि बोट टोचणे सोडून दिले.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी आम्ही दोघे गावातल्या चक्राकार बारवेच्या काठाशी बसलो होतो. बोलता बोलता अण्णांची जीभ जड झाली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरायला लागलेले. मी त्यांचे मनगट धरले. घड्याळ म्हणाले, १०४.

साखर उतरली होती. हॉटेलातून मूठभर साखर आणून पाण्यात कालवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस माणसात आला. ती मिनिटे मी कशी काढली ते मला ठाऊक.

आमच्या गावाचे नाव वाल्मीकींवरून पडले असे सांगतात. वाल्या कोळ्याची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! पापात वाटेकरी व्हाल का, असे त्याने घरच्यांना विचारले आणि ते नाही म्हणाले. वाल्याने निदान विचारले तरी. मी अण्णांना न विचारताच वाटा देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुने यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून वांग्याची सगळी हकीकत सांगितली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले. मग त्यांनी बोट पुढे केले. १६२ आले.

"आता तुमचं, सर."

मी बोट टोचले. २३८.

अण्णांनी आकडा दोनदा वाचला. "आमरस?"

"आमरस."

"आन् वहिनीनं त्या वांग्याचं काय केलं?"

"भरीत."

"तुम्ही खाल्लं?"

"दोनदा घेतलं," मी म्हणालो.